मंगळवारचा राजवाडा

इस्तंबूलला चौथ्या रात्री माझ्या घरच्यांनी बंड केलं. आरडाओरडा वगैरे काही नाही, जेवून हॉटेलवर आलो, मी मोबाईलवर शीट उघडली आणि "उद्या सव्वाआठला खाली लॉबीत" एवढंच म्हणाले, तर खोलीत एकदम सामसूम. लेक पलंगावर पालथी पडली होती ती उशीतूनच म्हणाली, "आई, उद्या प्लीज काही नको." धाकट्याने मतदान असल्यासारखा हात वर केला. सासूबाईंचे गुडघे आदल्या दिवसापासून कुरकुरत होतेच. नवऱ्याकडे बघितलं तर तो छताचा अभ्यास करत होता.

मग सासूबाईच म्हणाल्या, "तू जा की एकटी. आम्ही पडतो जरा उद्या."

आधी शीटबद्दल सांगायला हवं. ही ट्रिप पूर्ण माझी. तिकिटं, हॉटेल, व्हिसा, इन्शुरन्स सगळं मीच केलेलं, आणि रोजची वेगळी एक्सेल शीट, त्यात वेळ, ठिकाण, तिकिटाचं काय, तिथून बाथरूम किती लांब आणि शेवटचा कॉलम 'आईंना बसायला जागा', हो किंवा नाही. हसू नका, तो शेवटचा कॉलम फार उपयोगी पडतो. पण ह्या सगळ्यात झालं काय की चार दिवस मी इस्तंबूल बघितलंच नाही. बसिलिका सिस्टर्न म्हणून जमिनीखाली पाण्याचं प्रचंड टाकं आहे, सहाव्या शतकातलं, त्यात 336 खांब आहेत, आणि मी त्या अंधारात पूर्ण वेळ आमची चार डोकी मोजत होते. आया सोफिया म्हणजे आधी चर्च, आता मशीद, तिच्या वरच्या गॅलरीचं परदेशी लोकांना 25 युरो तिकीट आहे, ते काढून वर गेलो, तिथे संगमरवरी कठड्यावर कुणा व्हायकिंगने हजारेक वर्षांपूर्वी स्वतःचं नाव खरवडून ठेवलंय, हाफदान म्हणून. एवढी भव्य वास्तू, वर सोन्याची मोझेइक, आणि हा पठ्ठ्या कंटाळून कठड्यावर नाव कोरत बसला असेल, मला ते बघायचंच होतं. नेमकी दहा पावलांवर असताना धाकट्याला जोरात लागली. संपलं.

तर एकटी जा म्हटल्यावर मी आधी रागावले आणि मग बाथरूममध्ये बसून नवीन शीट केली. फक्त माझ्यासाठी. सकाळी 9 ते 1 तोपकापी पॅलेस, म्हणजे सुलतानांचा जुना राजवाडा, पूर्ण चार तास, कुणालाही न विचारता. तिथे 86 कॅरेटचा तो प्रसिद्ध हिरा आहे, हरम म्हणजे जनानखाना आहे, पण मला बघायची होती स्वयंपाकघरं. हजारो माणसांचं जेवण तिथे रोज शिजायचं, आणि त्यात आता चिनी भांड्यांचा संग्रह ठेवलाय, ती फिकट हिरवी सेलाडॉनची ताटं, ज्यात विष घातलं तर रंग बदलतो अशी सुलतानांची समजूत होती. असल्या गोष्टी मला फार आवडतात आणि घरात इतर कुणालाही नाही.

सकाळी चोरासारखी तयार झाले. पाच जणांत मिळून एकच इस्तंबूलकार्ड होतं आमचं (ट्राम-बोटीला एका कार्डावर सगळ्यांना एकामागून एक टॅप करून जाता येतं), ते माझ्या पर्समध्ये. रोमिंगचा पॅकपण फक्त माझ्याच फोनवर, बाकीचे चौघं चार दिवस माझ्या हॉटस्पॉटवर जगत होते. म्हणजे मी बाहेर पडले की ही मंडळी हॉटेलच्या वायफायपुरतीच जिवंत. दारात एक मिनिट वाटलं राहू दे, मग दार ओढून घेतलं.

हॉटेल सिर्केजी स्टेशनच्या मागच्या गल्लीत होतं. तिथून ट्रामच्या रुळांच्या कडेकडेने वर चढत गेलं की पंधरावीस मिनिटात तोपकापी. एप्रिल संपत आलेला, हवेत गारवा, दुकानं उघडत होती, एक माणूस पाइपने फुटपाथ धूत होता त्याने मी येताना पाण्याची धार बाजूला वळवली. मी भराभर चालत होते, सवयीने. मध्येच लक्षात आलं की मी दर दोन मिनिटांनी मागे वळून बघतेय.

नऊला पाच कमी असताना पॅलेसच्या मोठ्या दरवाजापाशी पोचले. रांग नाही. म्हणलं वा, काय टायमिंग आहे. दोन मांजरी आणि एक सिक्युरिटीवाला. मी हसून पुढे जायला लागले तर त्याने नुसतं बोट केलं. बोर्ड. सालि ग्युनलेरी कापाली. खाली इंग्लिशमध्ये पण होतंच, मंगळवारी बंद.

ज्या बाईने ह्या ट्रिपसाठी सहा महिने शीट केली, ज्या बाईला ग्रँड बझार रविवारी बंद असतो हे तोंडपाठ होतं, तिने तोपकापी मंगळवारी टाकला होता. सिक्युरिटीवाल्याला माझा चेहरा बघून दया आली असावी, "टुमॉरो, टुमॉरो" म्हणाला. टुमॉरो आमचा बोटीतून प्रिन्सेस आयलंड्सला जायचा दिवस. शीटमध्ये हिरवा रंग, बुकिंग झालेलं.

तिथल्याच एका दगडावर बसले. नंतर कळलं की तोप म्हणजे आपली तोफच, आणि कापी म्हणजे दार, म्हणजे तोपकापी हे तोफेचं दार, आणि कापाली म्हणजे बंद. तर तोफेचं दार बंद होतं आणि मी त्याच्यासमोर बसले होते आणि गंमत म्हणजे चिडायला कुणी नव्हतं. एरवी अशा वेळी मी नवऱ्यावर ओरडले असते की तू एकदा तरी चेक करायचंस, मुलांनी डोळे फिरवले असते, सासूबाई म्हणाल्या असत्या जाऊ दे गं. आता काय, ती करड्या रंगाची मांजर मांडीवर येऊन बसली आणि तिने माझ्या कुर्त्याला पंजे पुसले. इस्तंबूलच्या मांजरींना आपण ह्या शहराचे मालक असल्याची पक्की खात्री असते, रस्त्यात आडव्या पडतात, ट्राम स्टॉपच्या बाकावर झोपतात, लोक त्यांच्यासाठी दारात पाणी आणि खाणं ठेवतात.

मेसेज आला. धाकटा. "आई चार्जर?"

"निळं पाऊच, पुढचा कप्पा."

"पॅलेस कसाय?"

इथे मी खोटं बोलले. लिहिलं, "मस्त. खूप मोठा आहे." का बोलले ते आता सांगता यायचं नाही, पण बंद आहे म्हणाले असते तर पुढचा मेसेज 'मग येतेस का परत' असा आला असता हे मला माहीत होतं, आणि त्याला नाही म्हणायचं कारण माझ्याकडे नव्हतं.

फोटो पाठवायला हवा म्हणून खाली ग्युलहाने बागेत गेले. ही एके काळी पॅलेसचीच बाहेरची बाग, त्यामुळे फोटो अगदीच खोटा नाही. आत शिरले आणि फोटो राहिलाच बाजूला. एप्रिलमध्ये ह्या शहरात सगळीकडे ट्युलिप लावतात, ग्युलहानेत तर गालिचे अंथरल्यासारखे वाफे, गडद जांभळे जवळजवळ काळे, पिवळ्यावर लाल शिंतोडे असलेले, पांढरे. ट्युलिप म्हटलं की सगळ्यांना हॉलंड आठवतं पण ते फूल युरोपात गेलं ते इथून, सोळाव्या शतकात. इथे त्याला लाले म्हणतात आणि अठराव्या शतकात तर बारा वर्षांच्या एका आख्ख्या कालखंडालाच लाले देव्री, म्हणजे ट्युलिपचा काळ, असं नाव पडलंय, 1718 ते 1730, त्यात दरबारी लोक एकेका कंदासाठी वेडे झाले होते. एक माळी वाकून सुकलेल्या पाकळ्या वेचत होता, एकेक, हातातल्या पिशवीत टाकत. मी म्हणलं बघू तरी हा वाफा संपायला किती वेळ लागतो. एका बाकावर बसले. वर जुन्या चिनाराच्या झाडांवर राखी बगळ्यांची घरटी होती, पिल्लांचा कचकच आवाज नुसता, आणि अधूनमधून वरून काहीतरी टपकत होतं तेव्हा बाक नीट बघून निवडा. पाऊण तास बसले असेन. वाफा संपला नाही.

मग पायाला जिथे उतार दिसेल तिकडे गेले आणि एमिनोन्यूला उतरले. हा धक्क्याजवळचा भाग, आम्ही दोन दिवसांपूर्वी मसाल्याच्या बाजारात येऊन गेलो होतो. बाजाराच्या मागच्या गल्ल्यांमध्ये रोजचं इस्तंबूल भरतं, प्लास्टिकचे डबे, दोरखंड, लाकडी चमचे, मापाने साबण. साबण तिथेही साबुनच. अशाच एका गल्लीत दोन दुकानांच्या मधे एक दगडी जिना दिसला, वर काय लिहिलंय ते दिसेना, एक बाई डोक्याला रुमाल बांधत वर चालली होती म्हणून मी पण गेले. शीटमध्ये हे नव्हतं. वर आले तर एकदम शांत अंगण आणि समोर रुस्तेम पाशाची मशीद.

खाली दुकानं आणि त्यांच्या डोक्यावर मशीद, अशी रचना. बांधली मिमार सिनानने, सुलतान सुलेमानचा मुख्य वास्तुकार, 1560 च्या आसपास. रुस्तेम पाशा हा सुलेमानचा वजीर आणि जावईपण. त्याची एक गोष्ट सांगतात की लग्न ठरायच्या वेळी विरोधकांनी उठवलं की ह्याला कुष्ठरोग आहे, मग सुलतानाने हकीम पाठवला आणि हकिमाला त्याच्या कपड्यात ऊ सापडली. कुष्ठरोग्याच्या अंगावर ऊ राहत नाही अशी तेव्हा समजूत, झालं, लग्न पक्कं. एका उवेवर माणूस राजाचा जावई झाला.

चपला काढल्या, ओढणी डोक्यावर घेतली, आत गेले आणि मग बराच वेळ काही सुचलंच नाही. आतली प्रत्येक भिंत निळ्या टाइलची. इझनिक नावाच्या गावात भाजलेल्या टाइल, खांब, कमानी, मिहराब (नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा) सगळीकडे, आणि त्यात परत ट्युलिप. पण हे ट्युलिप सकाळच्या बागेतल्यासारखे गोल गुबगुबीत नाहीत, सुरीच्या पात्यासारखे निमुळते, टोकदार, कारण उस्मानी लोकांना तसेच आवडायचे. ह्या टाइलमधला लाल रंग भिंतीवर डोकं टेकवल्यासारखं तिरकं उभं राहून बघायचा. बाकीचे रंग सपाट असतात पण लाल थर जरासा वर आलेला असतो, उन्हात त्याची बारीक कड चमकते. समोरून हे कळत नाही. मलाही दहा मिनिटं कळलं नव्हतं. मग एक पट्टा दिसला ज्यात एका टाइलवरचं देठ शेजारच्या टाइलवरच्या फुलाला जुळत नव्हतं, कधीतरी दुरुस्तीत चुकीची बसवली असणार, आणि मला त्या गवंड्याबद्दल उगीच प्रेम वाटलं. त्यानेपण मंगळवार बघितला नव्हता.

गालिच्यावर भिंतीला टेकून बसले. घड्याळात बघितलं तेव्हा साडेअकरा. कुणी 'चला' म्हणालं नव्हतं. खरं म्हणजे आमच्याकडे 'चला' मीच म्हणते.

आता पुढे काय हा प्रश्न होता आणि मला त्याचं उत्तर येत नव्हतं. हे लिहायला विचित्र वाटतं पण 'तुला काय करायचंय' असं मला स्वतःला विचारून कितीतरी वर्षं झाली असतील. काय खायचंय? माहीत नाही. कुठे जायचंय? माहीत नाही. धक्क्यावर उभी राहून बोर्ड वाचले. उस्क्युदार, कादिक्योय. कादिक्योयची बोट लागली होती आणि लोक पळत होते म्हणून मी पण पळाले. एवढाच विचार.

गेटवर कार्ड टेकवलं तर मशीन कोकललं, लाल दिवा, येतेरसिझ बाकिये. मागे रांग. मी परत टेकवलं, परत कोकललं. मागच्या कॉलेजातल्या पोराने स्क्रीनवर बोट ठेवून "बाकिये, बाकिये" म्हटलं आणि माझ्या डोक्यात दिवा लागला, अरे बाकी! बाकी संपली. चार दिवस पाच जणांनी ते कार्ड झोडपलं होतं. बाजूच्या मशीनमध्ये नोट सारली, एकदा थुंकली, सरळ करून परत दिली, घेतली. तोवर बोट गेली. पण वीस मिनिटांनी दुसरी होती आणि माझी कुठे कुणी वाट बघत होतं.

त्या दिवशी मग असे आपले शब्द ओळखायचा नादच लागला. दुकान म्हणजे द्युक्कान, पडदा म्हणजे पेर्दे, हवा म्हणजे हवा, पनीर म्हणजे पेयनीर (आपलं नाही, कुठलंही चीज), आठवड्याला हाफ्ता, इतिहासाला तारीह, बाजाराला पझार आणि रविवारलाही पझारच. फारसी-अरबीतून हे शब्द तिकडेपण गेले आणि इकडेपण आले. चार दिवस कानावर पडत होते, पण मी गुगल मॅपमधल्या बाईलाच ऐकत होते.

बोटीला वापूर म्हणतात. बाहेरच्या बाजूला कठड्याला लागून लाकडी बाकडी असतात, तिथे जागा मिळाली. चहावाला ट्रे घेऊन फिरतो, छोट्या कमरेच्या काचेच्या ग्लासात काळा चहा, सोबत दोन साखरेचे खडे, हँडल नाही, ग्लास कडेला धरायचा नाहीतर बोटं भाजतात. माझी भाजली. शेजारच्या आज्जींनी, चाकाची भाजीची पिशवी पायाशी, मला न बोलता दाखवलं, अंगठा आणि एक बोट, अगदी वरच्या कडेला. मग त्यांच्याकडचं सिमित मोडून अर्धं माझ्या हातात दिलं. तीळ लावलेलं ब्रेडचं कडं असतं ते. मी खायला लागले तर त्या हसायला लागल्या आणि सीगलकडे बोट केलं. ते त्यांच्यासाठी होतं. मग आम्ही दोघींनी मिळून तुकडे उडवले, पक्षी हवेतल्या हवेत झेलतात, बोटीच्या वेगाने बरोबर डोळ्यांसमोर तरंगत राहतात, पिवळा डोळा, आणि त्यात माणसाबद्दल अजिबात आदर नाही.

बोट टोकाला वळसा घालून बाहेर पडली तेव्हा मागे वळून बघितलं तर वर टेकडीवर तोपकापी. आणि सगळ्यात ठळक काय दिसत होतं तर धुराडी! एका रांगेत स्वयंपाकघरांचे घुमट आणि त्यावर धुराडी, आगीत जुनी जळाल्यावर ती पण सिनाननेच परत बांधली होती, सोळाव्या शतकात. खालच्या उतारावर एर्गुवानची झाडं फुललेली, पानं यायच्या आधीच नुसती गुलाबी-जांभळी. मी भराभर आठ फोटो काढले. ह्यापेक्षा जास्त पुरावा काय लागतो.

कादिक्योय आशियात. वीसेक मिनिटांत खंड बदलतो. ग्रीक काळात इथे खाल्केदोन नावाचं गाव होतं, समोरचं इस्तंबूल वसायच्या आधीचं, आणि डेल्फीच्या देवळातून बिझास नावाच्या माणसाला कौल मिळाला म्हणतात की आंधळ्यांच्या गावासमोर जाऊन राहा. त्याने येऊन बघितलं, समोर एवढी सुंदर, सुरक्षित जागा मोकळी टाकून हे लोक इकडे राहिलेत म्हणजे आंधळे हेच. पण मला विचाराल तर आंधळ्यांची बाजू बरोबर होती. इकडे बसलं की समोरचं इस्तंबूल दिसतं. तिकडे बसून काय दिसतं, आपल्याच समोरच्याचं डोकं.

बाजारात मासळी लाल गोल ताटांत फुलासारखी रचून ठेवतात, ऑलिव्हचे ढीग, आणि एक दुकान फक्त लोणच्याचं, काचेच्या बरण्या छतापर्यंत. लोणचं म्हणजे मिठाच्या-व्हिनेगरच्या पाण्यातलं, काकडी, कोबी, बीट, हिरव्या मिरच्या, आणि ते पाणी लोक ग्लासभर पितात उभ्या उभ्या. मी पण घेतला. पहिल्या घोटाला कान गरम झाले, ग्लास संपेपर्यंत बरं वाटायला लागलं. दुसरा नाही घेतला.

जेवायला मात्र तीन हॉटेलांसमोरून परत आले. एकटीने टेबलवर बसायचं ही गोष्ट मला जमेना, उगीच वाटतं सगळे बघतायत. शेवटी भूक जिंकली. काचेमागे भांडी मांडलेली साधी खानावळ, वेटरने एक बोट वर करून विचारलं, "बीर किशी?" एक माणूस? मी पण एक बोट वर केलं. लाल मसूरच्या डाळीचं सूप, वर लिंबू पिळायचं, ब्रेड पाहिजे तेवढा, आणि ऑलिव्ह ऑइलमध्ये शिजवलेल्या फरसबीच्या शेंगा, गार. पाचव्या मिनिटाला कळलं कुणी बघत नाहीये. शेजारच्या टेबलवरचा म्हातारा पण एकटाच होता, पेपर वाचत ब्रेड बुडवून खात होता. शेवटचा ब्रेडचा तुकडा मला खायचा नव्हता तर मी खाल्ला नाही. घरी पोरांच्या ताटातलं पण मीच संपवते.

तिथून मोदाकडे चालत गेले. समुद्रावर उंचावर एक चहाची बाग आहे, झाडाखाली टेबलं, समोर मारमारा समुद्र. दुसरा चहा, तिसरा चहा. तेव्हा तीन वाजले होते आणि माझ्या लक्षात आलं की साडेबारानंतर एकही मेसेज नाही. सकाळपासून चार्जर, मग गुडघ्याचं मलम, मग 'आई वायफायचा पासवर्ड परत', मग नवऱ्याचं 'गोळी जेवणाआधी की नंतर', आणि मग काहीच नाही. मी लिहिलं "जेवलात का?" एकच टिक. लेकीला लिहिलं, एकच टिक. हॉटेलचा वायफाय गेला असेल. आई घसरल्या का बाथरूममध्ये? हॉस्पिटलला गेले का? कार्ड माझ्याकडे, इन्शुरन्सचे कागद माझ्याकडे. दोन तास मी इतकी सुखात होते त्याची शिक्षा अशी लगेच. चौथा चहा अर्धा सोडून उठले.

बोटीला वेळ लागेल म्हणून मेट्रो. कादिक्योयवरून एकच स्टेशन जायचं आणि तिथे मारमाराय पकडायची, समुद्राखालून जाणारी ट्रेन, ती सरळ सिर्केजीला. त्या स्टेशनचं नाव आयरिलिक चेशमेसी. निरोपाचा झरा. पूर्वी मक्केला निघालेले काफिले आणि पूर्वेच्या मोहिमेवर निघालेलं सैन्य इथे थांबायचं आणि घरचे लोक त्यांना इथून निरोप देऊन मागे फिरायचे. हे मी नंतर वाचलं, त्या वेळी मी धावत होते, आणि धावत चुकीच्या प्लॅटफॉर्मवर गेले. एका बाजूला हालकाली, एका बाजूला गेबझे, मला दोन्ही सारखेच. ट्रेन आली, बसले, आणि पुढचं स्टेशन समुद्राच्या उलट्या दिशेला. दारावरच्या नकाशाकडे बघत "नाही नाही नाही" असं मोठ्याने मराठीत म्हणाले. एका मुलीने माझ्याकडे बघून नकाशावर बोट उलटं फिरवलं. उतरले, पूल ओलांडला, परत.

बोगद्याबद्दल ऐकायचं तर 2013 मध्ये सुरू झाला, आणि उशीर झाला कारण युरोपच्या बाजूला येनीकापीला खणताना जुनं बंदरच सापडलं, 37 जहाजं, हजार-पंधराशे वर्षांपूर्वीची. मेट्रोला खणायला गेले आणि गलबतं निघाली. साठेक मीटर खोल आहे. आतून काहीच कळत नाही, काळी खिडकी, त्यात आपलं तोंड. माझं फार काळजीत पडलेलं दिसत होतं. सिर्केजीला एवढे सरकते जिने आहेत की वर येईपर्यंत मी मनात निम्मा ॲम्ब्युलन्सचा प्रवास करून आले.

खोली बंद. रिसेप्शनवरचा मुलगा म्हणाला वर, टेरेस.

टेरेसवर चौघं बसले होते. नवरा आणि धाकटा ओळखू येईनात, दोघं न्हाव्याकडे जाऊन आले होते, तुर्की न्हावी कानावरची लव पेटत्या बोळ्याने भाजून काढतात तो प्रकार दोघांनी करून घेतला होता, धाकटा कान दाखवत सुटला होता. लेक आणि सासूबाई चौकात बाकावर दोन तास बसल्या होत्या, सासूबाईंची कुणा तुर्की आजीशी मैत्री झाली होती, भाषा नाही काही नाही, गुडघे दाखवून बोलणं झालं. ट्रामची सुटी तिकिटं काढून सगळे गेले, जेवले, वाट चुकले, आले. वायफाय नव्हता म्हणून मेसेज नाही. मी इन्शुरन्सच्या कागदांची पर्स छातीशी धरून उभी.

"बस की," नवरा म्हणाला. "कसा होता पॅलेस?"

"मोठा आहे," मी म्हणलं. "स्वयंपाकघराची धुराडी फार सुंदर." आणि मोबाईलमधले आठ फोटो पुढे केले.

लेकीने फोटो बघितला, धाकट्याकडे बघितलं आणि दोघं जे फुटले ते थांबेचनात. नवरा परत छताकडे बघायला गेला पण टेरेसला छत नव्हतं.

सासूबाईंनी लोकुमचा, म्हणजे तिथल्या मिठाईचा, डबा माझ्यापुढे सरकवला. "अगं, मंगळवारी बंद असतो तो. तू गेलीस आणि पाच मिनिटांत खाली त्या मुलाने सांगितलं आम्हाला."

"मग कळवायचं नाही का? सकाळभर मेसेज करत होतात!"

"मीच म्हणलं ह्यांना, खबरदार कुणी सांगाल तर," पिठीसाखर झटकत त्या म्हणाल्या. "परत आली असतीस ना."